नौकेवर आणखी एक यंत्र

अटलांटिक ओलांडणाऱ्या ‘आर्क’ या सामूहिक सफरीसाठी दर नोव्हेंबरात कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मास बंदरात शिडाच्या नौकांची दाटी होते. जिमी कॉर्नेल यांनी १९८६ मध्ये ही सफर सुरू केली, तेव्हा २०४ नौका आल्या होत्या. निघण्याआधीच्या दिवसांत धक्क्यावर सगळ्यात जास्त ऐकू येतो तो ड्रिलचा आवाज. एका नौकेवर सौरपॅनेल चढत असतं, दुसरीवर समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र बसत असतं, तिसरीचा मालक बॅटरीच्या खणात डोकं घालून बसलेला असतो. अशा नौकांच्या बाजूला नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. पाणरेषेची रंगीत पट्टी अनेकींनी मूळ जागेवरून चार बोटं वर सरकवलेली असते. कारखान्यातून निघाली तेव्हा नौका जितकी बुडत होती त्याहून आता जास्त बुडते, म्हणून शेवाळ रोखणारा रंग वरपर्यंत न्यावा लागतो.

हिशेब सोपा आहे. चाळीस फुटी नौकेचा पाण्याच्या पातळीवरचा छेद साधारण २२ चौरस मीटर भरतो. ती एक सेंटिमीटर खाली जायला सव्वादोनशे किलो पुरतात. टनभर सामान चढलं की साडेचार सेंटिमीटर गेले. आणि टन व्हायला वेळ लागत नाही. नांगराची ८० मीटर साखळी, रबरी होडी आणि तिची मोटर, पिछाडीवरची स्टीलची कमान, तिच्यावरची पॅनेलं, जीवरक्षक तराफा, डिझेलचे जादा कॅन, हत्यारं, सुटे भाग, दोन माणसांचं तीन महिन्यांचं धान्य. यातली एकही वस्तू चैनीची नाही. तरीही सगळ्या मिळून नौकेची चाल, तिचं डोलणं आणि वादळात सावरण्याची ताकद बदलून टाकतात.

दूरच्या सफरीच्या नौकेबद्दल ‘कोणतं यंत्र चांगलं’ या प्रश्नाचं उत्तर कंपन्यांची माहितीपत्रकं देतातच. त्यांत न सापडणारा प्रश्न वेगळा आहे: हे यंत्र बसवल्यावर ते बाकीच्या नौकेकडून काय काय मागणार? प्रत्येक नवं साधन वजन मागतं, वीज मागतं, डेकमध्ये किंवा कवचात भोक मागतं आणि बिघडल्यावर दुरुस्त करणारे हात मागतं. हा दुसरा प्रश्न आधी विचारणाऱ्यांची कामाची यादी आखूड होते आणि तिचा क्रमही बदलतो.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम १८९५ मध्ये निघाला तेव्हा त्याच्या ‘स्प्रे’वर इंजिन नव्हतं. क्रोनोमीटर दुरुस्त करायला पंधरा डॉलर पडणार म्हणून त्याने तो घरीच ठेवला आणि नोव्हा स्कोशियात तबकडी फुटलेलं पत्र्याचं घड्याळ एका डॉलरला घेतलं. अख्खी नौका नव्याने बांधायला त्याला ५५३ डॉलर ६२ सेंट लागले होते. आज तेवढ्यात एखादा चांगला कंपास जेमतेम येईल. स्लोकमची गोष्ट साधेपणाचे भक्त फार सांगतात. पण सुकाणू बांधून ठेवलं की ‘स्प्रे’ तासन्‌तास सरळ चालायची, हे ते विसरतात. हे वळण त्या जुन्या लांब कीलच्या नौकेच्या अंगातच होतं. आजच्या रुंद, उथळ तळाच्या, अरुंद कीलच्या नौकेवर सुकाणू सोडून चहा करायला गेलं तर चहा उकळायच्या आत ती वाऱ्याला तोंड देऊन फडफडत उभी राहते. म्हणून सुरुवात सुकाणूपासूनच करावी लागते.

दोन माणसांच्या नौकेवर आपोआप सुकाणू धरणारं साधन हा तिसरा खलाशी असतो, आणि तो जेवत नसला तरी वीज खातो. विजेचा ऑटोपायलट चाळीस फुटी नौकेवर सरासरी तीन ते सहा अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला ७० ते १४० अँपिअर-तास. समुद्र मागून उसळत असेल तर याहून जास्त. दुसरा पर्याय वाऱ्यावर चालणाऱ्या पात्याचा. त्याचा चालू प्रकार ब्लाँडी हॅस्लर या ब्रिटिश मरीन अधिकाऱ्याच्या नावाशी जोडलेला आहे. १९४२ साली कयाकमधून बोर्दो बंदरात घुसून जर्मन जहाजांना सुरुंग लावणाऱ्या तुकडीचा नेता तोच. वाऱ्याची दिशा बदलली की वरचं पातं कलतं आणि पाण्यात बुडलेलं वल्हं जरासं वळवतं. मग वाहतं पाणीच त्या वल्ह्याला बाजूला ढकलतं आणि दोरखंडाने सुकाणू ओढलं जातं. नौका जितकी वेगात, तितकी त्याची ताकद जास्त आणि विजेचा खर्च शून्य. १९६० च्या पहिल्या एकल अटलांटिक शर्यतीत हॅस्लर आपल्या २५ फुटी ‘जेस्टर’वर ४८ दिवसांत पोचला. फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत जिंकला, तोही ‘मिरांडा’ नावाच्या स्वतःच्या पात्याच्या जोरावर.

पात्याचं दुसरं अंगही इतिहासात नोंदलेलं आहे. चिचेस्टर पुढे ‘जिप्सी मॉथ ४’वरून जगप्रदक्षिणेला निघाला तेव्हा तिचं पातं सिडनीच्या सुमारे २३०० मैल अलीकडे मोडलं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ‘सुहैली’ मुंबईत, कुलाब्याला, सागवानात बांधलेली ३२ फुटी नौका. १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ अशी ३१२ दिवसांची, न थांबता केलेली जगातली पहिली एकल प्रदक्षिणा तिच्यावर झाली. तिचं स्वयंचलित सुकाणू ऑस्ट्रेलियाजवळ निकामी झालं. पुढचा अर्धा रस्ता नॉक्स-जॉन्स्टनने शिडांचा तोल साधून आणि सुकाणू बांधून काढला. नौका जुन्या धाटणीची होती म्हणूनच ते जमलं.

ही प्रदक्षिणा १९६८ च्या शर्यतीतली होती. तिच्या स्मरणार्थ भरणाऱ्या ‘गोल्डन ग्लोब’मध्ये स्पर्धकांना १९६८ च्या काळातलीच साधनं वापरावी लागतात, त्यामुळे विजेचा ऑटोपायलट बाद. २०२२ च्या शर्यतीत आघाडीवर असलेल्या सायमन कर्वेनचं पातं केप हॉर्नच्या अलीकडे मोडलं. दुरुस्तीसाठी त्याला चिलीच्या किनाऱ्याला जावं लागलं आणि मुख्य गटातलं स्थान गेलं. भारताचे अभिलाष टॉमी मात्र शौचालयाचं दार कापून त्याची पाती करत पुढे निघाले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने पोचले. त्या शर्यतीत ‘कोणत्या कंपनीचं पातं’ यापेक्षा ‘सुटी पाती किती, आणि ती कशातून कापता येतील’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरला.

अनुभवी मंडळी यावर ठाम आहेत की लांबच्या सफरीला दोन्ही हवं: वाऱ्यावर पातं, आणि इंजिन चालू असताना किंवा वारा पडल्यावर ऑटोपायलट. पण पातं बसतं पिछाडीवर. नेमकी तिथेच हल्ली सौरपॅनेलांची कमान आणि तिला टांगलेली होडी असते. टांगलेली होडी पात्याचा वारा अडवते आणि पात्याचं वल्हं होडी उतरवताना मध्ये येतं. आधी कमान करून घेणारा मालक वर्षभराने पातं घ्यायला जातो तेव्हा जागाच उरलेली नसते.

ऑटोपायलटचीही एक बारीक पण मोठी गोष्ट आहे. चाकाला लावलेला हलका पायलट स्वस्त पडतो, पण चाक आणि सुकाणू यांच्यामधली तार तुटली की चाकासह तोही निरुपयोगी. त्याऐवजी पायलटचा दट्ट्या डेकखाली, स्वतंत्र दांड्याने थेट सुकाणूच्या खांबाला जोडला तर तार तुटल्यावरही नौका वळवता येते. भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ घेऊन २०१७-१८ मध्ये जगप्रदक्षिणा करत होत्या. केप टाउनहून परतताना सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि त्यांना ठरलेलं नसताना मॉरिशसचं पोर्ट लुई गाठावं लागलं. नव्याकोऱ्या, उत्तम निगा राखलेल्या नौकेवरही हे होऊ शकतं.

आता वीज. दूरच्या सफरीच्या नौकेवरचे निम्मे वाद शेवटी इथेच येऊन थांबतात. चालत्या नौकेचा एका दिवसाचा खर्च मांडून पाहावा. ऑटोपायलट ४ अँपिअरने ९६ अँपिअर-तास. फ्रिज ५०. नकाशाचा पडदा, वाऱ्याची आणि खोलीची मापकं, रेडिओ मिळून ४८. दिवे १०, तेही एलईडी झाल्यामुळे. जुन्या डोलकाठीवरचा एकच तारेचा दिवा रात्रभरात याहून जास्त खायचा. त्यात आता उपग्रहावरचं इंटरनेट. स्टारलिंकची लहान थाळी ४० वॉटच्या आसपास, म्हणजे दिवसभर चालू ठेवली तर आणखी ७५. एकूण पावणेतीनशे. यातली जवळजवळ चौथाई फक्त जगाशी बोलण्यासाठी जाते, आणि पंधरा वर्षांपूर्वी हा रकानाच नव्हता.

जमेची बाजू अशी: ४०० वॉटची पॅनेलं उष्ण कटिबंधात, शिडाची आणि बूमची सावली पडणाऱ्या नौकेवर दिवसाला शंभरच्या आसपास अँपिअर-तास देतात. पॅनेलाच्या एका कोपऱ्यावर पडलेली दोरीची सावलीदेखील उत्पादन पाडते. म्हणून दोन पॅनेलं एका नियंत्रकावर जोडण्यापेक्षा प्रत्येकाला वेगळा नियंत्रक द्यायची पद्धत रुळली. पवनचक्कीबद्दल बंदरात फार चांगलं बोललं जातं, कारण बंदरात नांगरावर उभ्या नौकेला पूर्ण वारा लागतो. पण पवनचक्कीची वीज वाऱ्याच्या वेगाच्या घनाने बदलते. व्यापारी वाऱ्यांत, म्हणजे मागून येणाऱ्या वाऱ्यात, नौका वाऱ्याबरोबरच पळत असते आणि डेकवर जाणवणारा वारा आठ-दहा नॉटच उरतो. तिथे चक्की गरगरते, गुणगुणते आणि फारसं काही देत नाही. तिच्या शेजाऱ्यांचं मत आणखी कडक असतं.

उलट पिछाडीवरून पाण्यात सोडायचा जलजनित्र अशाच वेळी कामाला येतो. ५ नॉट वेगाला १०० वॉट, म्हणजे चोवीस तासांत दोनशेच्या जवळ अँपिअर-तास. हे साधन आलं लांब पल्ल्याच्या शर्यतींतून. ‘वॉट अँड सी’ या जलजनित्राच्या कंपनीचा संस्थापक यानिक बेस्तावेन पुढे २०२०-२१ ची ‘व्हाँदे ग्लोब’ शर्यत जिंकला. नौका नांगरावर उभी राहिली की जलजनित्र शून्य, त्यामुळे त्याची आणि पॅनेलांची जोडी चांगली जमते. एकाची सावलीतली आणि रात्रीची उणीव दुसरा भरून काढतो.

ही सगळी वीज साठवणार कुठे? शिशाच्या बॅटरीतली निम्मीच क्षमता वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. शिवाय भरताना शेवटचा पाचवा हिस्सा तासन्‌तास रेंगाळतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीतली ८० टक्के क्षमता निर्धास्त वापरता येते. २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीचं वजन शिशात ५५-६० किलो, तर लिथियममध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी. वजन कमी करणारं जवळपास हे एकच साधन, म्हणून सगळे तिकडे वळले यात नवल नाही. मात्र ‘जुनी काढा, नवी ठेवा’ इतकं ते सोपं नाही. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह ओढते. इंजिनावरचा ८० अँपिअरचा छोटा ऑल्टरनेटर पूर्ण भाराने तासभर चालण्यासाठी बनवलेलाच नसतो. तो तापतो आणि जळतो. दुसरा धोका उलट दिशेचा. बॅटरीच्या आतली संरक्षक यंत्रणा काही कारणाने अचानक संपर्क तोडते, ऑल्टरनेटर तेव्हा जोरात चालू असतो, व्होल्टेज उसळतं आणि त्याचे डायोड जातात, कधीकधी सोबत नौकेवरची इलेक्ट्रॉनिक उपकरणंही. उपाय माहीत आहेत: तापमान पाहणारा बाहेरचा नियंत्रक, किंवा इंजिनाची शिशाची बॅटरी आणि घरगुती लिथियम यांच्यामध्ये मर्यादित प्रवाह देणारा चार्जर. अमेरिकेतल्या एबीवायसी या नौका-मानक संस्थेने लिथियमसाठी ई-१३ हे वेगळं मानकच काढलं. विमेकरीही बॅटरी कुणी आणि कशी बसवली याची चौकशी करतात.

तारेकडे कुणी पाहत नाही, कारण ती दिसत नाही. नांगर उचलणारा १००० वॉटचा विंचघोडा १२ व्होल्टवर ८३ अँपिअर ओढतो. तो नौकेच्या नाकावर, बॅटरी मागे. जाऊन-येऊन वीस मीटर तार. ३५ चौरस मिलिमीटरची तार घातली तर वाटेतच ०.८५ व्होल्ट गळतात, म्हणजे सात टक्के. मोटर कुंथते, तापते, आणि मालक म्हणतो विंचघोडा वाईट निघाला. दुप्पट छेदाची तार ही गळती निम्म्यावर आणते. त्याच एबीवायसीच्या नियमाप्रमाणे महत्त्वाच्या मंडलांत व्होल्टेजची घट तीन टक्क्यांच्या आत हवी, आणि बॅटरीपासून सात इंचांच्या आत फ्यूज हवा. दुसऱ्या हाती घेतलेल्या नौकांमध्ये हे दोन्ही नियम मोडलेले सर्रास सापडतात. प्रत्येक जुन्या मालकाने आपली एक तार ओढलेली असते आणि जुनी काढलेली नसते. नौकेवर पहिला खर्च कशावर करावा असं विचारलं तर कथील चढवलेल्या तांब्याच्या तारेवर आणि नव्या फ्यूज-पॅनेलवर, हे उत्तर कुणालाच आवडत नाही. पण बरोबर तेच आहे.

विजेचा हिशेब कितीही नीट मांडला तरी समुद्र तो तपासून घेतो. ‘आर्क’चे जनक कॉर्नेल वयाच्या ऐंशीव्या वर्षी, २०२० मध्ये, डिझेलचा थेंबही न वापरता जगप्रदक्षिणा करायला निघाले. नौका ‘अव्हेंतुरा झीरो’, हलकी दुहेरी कवचाची, विजेच्या मोटरी शिडांवर चालताना उलट फिरून वीज देणाऱ्या. त्यांच्याइतकं या विषयावर लिहिलेला आणि फिरलेला माणूस दुसरा क्वचितच असेल. कॅनरी बेटांपर्यंत गेल्यावर दिसलं की खर्चाच्या मानाने वीज पुरेशी तयार होत नाही. त्यातच महासाथ होती. कॉर्नेल यांनी मोहीम थांबवली आणि कारणं उघडपणे लिहिली. विजेवरची मोटर वाईट आहे असा याचा अर्थ काढण्याचं कारण नाही. बंदरातून बाहेर पडायला ती उत्तम. पण एक लिटर डिझेल दांड्यावर साधारण तीन किलोवॉट-तास देतं. १०० लिटरच्या टाकीइतकी ऊर्जा बॅटरीत भरायची तर ३०० किलोवॉट-तास लागतील, आणि तेवढ्या बॅटऱ्या ठेवल्या तर पाणरेषेची पट्टी थेट डेकवरच ओढावी लागेल.

पाण्याचं यंत्र ही दुसरी मोठी खरेदी. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ असतं. ते पडद्यातून गाळायला ५५ बारच्या आसपास दाब लागतो. जुन्या पद्धतीच्या यंत्राला जनित्रच हवं, पण सोडलेल्या खाऱ्या पाण्यातला दाब परत वापरणारी यंत्रं लिटरला चार वॉट-तासांत काम भागवतात. ६० लिटरला वीस अँपिअर-तास, म्हणजे फ्रिजच्या निम्म्याहून कमी. हिशेब इतका गोड आहे की लोक पाण्याच्या टाक्याच कमी करतात, आणि तिथेच चुकतात. हे यंत्र लाडावलेलं असतं. चार-पाच दिवस बंद ठेवलं तर पडदा गोड्या पाण्याने धुवावा लागतो. त्यात नळाच्या पाण्यातलं क्लोरीन गेलं तर पडदा खराब. लांब मुक्कामासाठी तो रसायनात मुरवून ठेवावा लागतो. तेलकट बंदरात तर हे यंत्र चालवायचंच नाही. मुंबई बंदराच्या पाण्यात कुणी चालवलं तर पहिल्या दिवशीच गाळण्या काळ्या. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी ‘म्हादेई’वरून न थांबता प्रदक्षिणा करत होते, तेव्हा साठवलेल्या पाण्यात डिझेल मिसळलं आणि त्यांना उरलेलं पाणी मोजून प्यावं लागलं. पाण्याच्या वेगवेगळ्या टाक्या, आणि हाताने चालणारा एक तरी पंप, या जुन्या शहाणपणाला यंत्राने रजा दिलेली नाही.

नांगराबद्दल कमी बोललं जातं, कारण त्यात पडदा नाही, बटण नाही. तरी दूरच्या सफरीत झोप लागते ती नांगराच्या भरवशावर. गेल्या शतकातला प्रसिद्ध नांगर ‘सीक्यूआर’, शेतातल्या नांगराच्या फाळासारखा. तो १९३३ मध्ये जी. आय. टेलर या केंब्रिजच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढला. द्रवगतिशास्त्रातलं फार मोठं नाव, आणि सुटीत शिडाची नौका हाकणारा माणूस. आपल्याच नौकेचा नांगर जड आणि कुचकामी वाटला म्हणून त्याने नवा घडवला. पुढे टोकदार आणि खोलगट पात्याचे नवे नांगर आले: फ्रान्सचा ‘स्पेड’, न्यूझीलंडचा ‘रोकना’ आणि त्यांचे भाऊबंद. हे पटकन तळात घुसतात आणि वारा फिरला तरी पुन्हा घट्ट होतात. जुन्या नौकेवर सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त सुरक्षितता देणारा बदल हाच, असं अनेक जाणते सांगतात. बसवण्याआधी पुढच्या रोलरवर नव्या नांगराची कमान बसते का, एवढं मोजून घ्यावं.

साखळीत मात्र हाव नडते. १० मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलो, ८ मिलिमीटरची दीड किलोहूनही कमी. ८० मीटरला फरक साठ-सत्तर किलोंचा, आणि तोही नेमका नौकेच्या नाकावर, जिथे प्रत्येक किलो लाटेत नाक खाली दाबतो. जास्त ताकदीच्या पोलादाची बारीक साखळी हा हल्लीचा समंजस तोडगा. लांबीचा हिशेब मात्र भरतीला धरून करायचा. मुंबईच्या उधाणात पाणी पाच मीटरपर्यंत चढतं. ओहोटीला तीन मीटर खोल पाण्यात नांगर टाकणाऱ्याने नाकाची उंची एक मीटर धरून पाचपट साखळी सोडली तर वीस मीटर झाली. भरतीला तीच खोली आठ मीटर होते आणि साखळी पंचेचाळीस मीटर हवी असते. भूमध्य समुद्रात, जिथे भरती जवळजवळ नाहीच, शिकलेल्या माणसाला कोकणच्या खाड्यांत हे पहिल्या रात्रीच कळतं.

भोकांचं गणित आणखी निष्ठुर. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर ३८ मिलिमीटरचं भोक उघडं पडलं तर मिनिटाला सुमारे १४० लिटर पाणी आत येतं. नौकेच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप छापील क्षमतेने तेवढं काढतो असं वाटतं, पण ती क्षमता उंची आणि नळी नसताना मोजलेली असते. प्रत्यक्षात निम्मी धरावी. पाण्याच्या यंत्राला एक भोक, जास्तीच्या शौचालयाला दोन, खोली मोजायच्या यंत्राला आणखी एक. शहाणे लोक एकाच मोठ्या झडपेवरून फाटे काढतात. झडप पितळेची असेल तर त्यातलं जस्त समुद्राचं पाणी खाऊन टाकतं. बाहेरून धड दिसणारी झडप हातात तुटून येते. काशाची किंवा काच-तंतू भरलेल्या नायलॉनची महाग पडते, पण तिथे घासाघीस करू नये.

डेकवरची भोकं बुडवत नाहीत, पण हळूहळू कुजवतात. फायबरग्लासच्या अनेक नौकांच्या डेकमध्ये दोन थरांच्या मध्ये बाल्सा लाकूड असतं. एका सौरपॅनेलच्या पायासाठी पाडलेल्या चार भोकांतून पाणी मुरलं की दोन-तीन पावसाळ्यांत पायाखालचा डेक दबू लागतो. भोक हवं त्याहून मोठं पाडायचं, मधलं लाकूड कोरायचं, इपॉक्सी भरायचं, आणि ते वाळल्यावर त्यात नेमकं भोक घ्यायचं. एका पायाला दोन दिवस लागतात. बंदरातला तंत्रज्ञ वीस मिनिटांत बसवून देतो तेव्हा हेच दोन दिवस वाचवलेले असतात. शिडं गुंडाळणारी यंत्रणा बसवणारेही बहुधा नवी नळी आणि नवी दोरी मोजून मोकळे होतात. डोलकाठीच्या तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील तर त्या आणि त्यांना धरणाऱ्या डेकखालच्या पट्ट्या आधी तपासायला हव्यात. स्टेनलेस स्टील जिथे हवा लागत नाही तिथेच गंजतं.

डोलकाठीच्या टोकावर जे चढतं त्याचा वेगळा विचार हवा. एक तर वजन: रडारचा घुमट आणि डोलकाठीत शीड गुंडाळणारी यंत्रणा मिळून कललेल्या नौकेला पुन्हा सरळ होणं जड करतात. दुसरं, आसपासच्या जहाजांची जागा दाखवणारी एआयएस यंत्रणा आणि जवळच्या संपर्काचा व्हीएचएफ रेडिओ अनेकदा एकाच ॲन्टेनावर चालतात. डोलकाठी गेली की दोन्ही गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंद महासागरात टॉमी यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर इजा झाली. ‘थुरिया’ गोव्यातच बांधलेली, ‘सुहैली’च्या धर्तीवरची नौका. संकटाचा संदेश धाडणारं स्वतंत्र बीकन आणि उपग्रहावर मजकूर धाडणारं छोटं साधन यांच्यामुळे जागा कळली, आणि तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. ४०६ मेगाहर्ट्‌झचं बीकन दहा वर्षं खणात पडून राहतं आणि बॅटरीची तारीख उलटते, ही नौकाजगातली नेहमीची ढिलाई. एआयएस उत्तम, पण कोकणपट्टीच्या छोट्या मासेमारी होड्या आणि पसरलेली जाळी त्यावर दिसतीलच असं नाही. मुंबईहून गोव्याला रात्री निघालेल्या नौकेला रडार आणि जागा माणूस लागतोच.

भारतीय किनाऱ्यावर हा सगळा उद्योग आणखी एका अंगाने अवघड होतो. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीयाने भारतीय नौकेतून एकट्याने प्रदक्षिणा करावी असा ध्यास घेतला, तेव्हा त्यासाठी आधी नौकाच बांधावी लागली. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस गोदीत ५६ फुटी ‘म्हादेई’ उभी राहिली, २००९ मध्ये नौदलात आली आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टला कमांडर दिलीप दोंदे तिला घेऊन निघाले. पुढच्या मे महिन्यात ते परतले. ती नौका बांधली जात असतानाच दोंदे गोदीत होते. कोणती तार कुठून गेली हे माहीत असलेला माणूसच समुद्रात ती दुरुस्त करणार होता. बाहेरून विकत आणलेल्या यंत्रात ही सोय नसते.

आजही सागरी नौकांची खास उपकरणं बहुतांशी परदेशातून मागवावी लागतात आणि ती बसवणारे तंत्रज्ञ मोजकेच. कोचीच्या बोलगाटीसारखी मरिना अपवाद. पावसाळ्याचे चार महिने नौका बाहेर काढावी लागते, त्यामुळे दुरुस्तीला मुदत मिळते, पण दमट हवेत उघडी पडलेली जोडणी हिरवी होते. उपग्रह-फोन आणि संदेश-यंत्रांना दूरसंचार खात्याची परवानगी लागते. असं छोटं संदेश-यंत्र सामानात सापडल्यामुळे परदेशी प्रवाशाला गोव्याच्या विमानतळावर अडकावं लागल्याचं प्रकरणही घडलं आहे. नौकेवर ते बसवून भारतात येणाऱ्यांनी आधी कागद पाहावेत. इंजिनाच्या बाबतीत थोडी मोकळीक आहे. बीटा मरीन आणि नान्नी यांची बरीच इंजिनं कुबोटाच्या मूळ ठोकळ्यावर बनतात, आणि कुबोटा इथे ट्रॅक्टरमुळे ओळखीची. गाळण्या, पट्टे यांचा शोध शेती-यंत्रांच्या दुकानातही घेता येतो. समुद्राचं पाणी खेचणारा पंप मात्र नौकेसाठीच बनतो, म्हणून त्याच्या रबरी पंख्यांचे तीन-चार जोड निघण्याआधीच खणात असावेत.